वायव्येचा वारा सुटण्याआधी

अकोल्यात वाढलेल्या बाईला ४४ अंशांची भीती घालू नका, असं मी ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स या डोंगराळ भागात राहायला आले तेव्हा शेजाऱ्यांना ऐटीत सांगत असे. इथला उन्हाळा नुसत्या पाऱ्यावर ओळखायचा नसतो, हे पुढे कळलं. इथे उन्हाळा म्हणजे वणव्याची भीती, म्हणून आधी वारा बघायचा.

ऑक्टोबर लागला की सकाळी हवामानाच्या अंदाजात तापमानाआधी वाऱ्याची दिशा शोधा. वायव्येचा वारा म्हणजे खंडाच्या पोटातल्या वाळवंटावरून आलेली झळ. आर्द्रता धाडकन उतरते, गमच्या, म्हणजे निलगिरीच्या झाडाची साल हातात चुरते. दुष्काळाच्या वर्षी पश्चिमेकडची उघडी पडलेली मातीही वाऱ्याबरोबर निघते. २३ सप्टेंबर २००९ च्या पहाटे सिडनी लालभडक दिसली ती तशाच धुळीमुळे.

मग बघा ‘सदर्ली चेंज’, म्हणजे वारा फिरून दक्षिणेचा होणं, किती वाजता आहे. नव्या माणसाला वाटतं, चला, दक्षिणेचा गार वारा आला, सुटलो. तसं नाही. वायव्येच्या वाऱ्यात वणवा आग्नेयेकडे लांबट पट्ट्यासारखा धावतो, तोंड अरुंद असतं. वारा फिरून दक्षिणेचा झाला की त्या पट्ट्याची अख्खी ईशान्येकडची बाजू तोंड होते आणि कित्येक किलोमीटर रुंदीची आग एकदम पुढे सरकते. दिवसभर जे घर आगीच्या वाटेत नव्हतं, ते संध्याकाळी असतं. तो तास मी फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवते.

वणव्याचा धोका दाखवणाऱ्या रस्त्याकडेच्या अर्धगोल पाटीवर २०२२ पासून चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटास्ट्रॉफिक. काटा शेवटच्या पायरीवर असेल तर घर वाचवायचा विचारच करायचा नाही. आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर निघायचं. धूर दिसल्यावर निघणं म्हणजे उशीर.

घराची तयारी मात्र हिवाळ्यातच. बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून छपराच्या पन्हळी साफ ठेवा. गमची पानं महिन्याभरात पुन्हा साचतात, कंटाळा येतो, तरी काढा. डेकखाली रचलेली लाकडं हलवा. कौलांच्या आणि भिंतींच्या फटी बुजवा, हवेच्या झरोक्यांना धातूची बारीक जाळी लावा. गॅस सिलिंडरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड घराच्या उलट दिशेला करा. आणि दारातलं काथ्याचं पायपुसणं! निखाऱ्याला याहून चांगलं सरपण मिळणार नाही. गवत कापायचं तेही आधीच. उन्हाच्या दिवशी यंत्राचं पातं दगडावर घासलं तर ठिणगीचं निमित्त तुम्हीच व्हाल.

२१ डिसेंबर २०१९, शनिवार. सिडनी परिसराला कॅटास्ट्रॉफिकचा इशारा होता. पिशवी भरलेली होती: पासपोर्ट, औषधं, सुती कपडे, लोकरीची ब्लँकेटं. सिंथेटिक कपडा अंगावर वितळतो, म्हणून तो नको. सगळं शहाण्यासारखं केलं आणि गाडी गॅरेजमध्ये राहिली. वीज गेली, दार उघडेना. आतल्या बाजूला लोंबणारी लाल दोरी ओढली की ते हाताने उचलता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. वीस मिनिटं गेली. ती दोरी आजच ओढून बघा. धोक्याच्या दिवशी गाडी बाहेर, तोंड रस्त्याकडे, टाकी भरलेली.

फोनवर ‘हझार्ड्स निअर मी’ हे धोक्याचे इशारे देणारं ॲप ठेवाच, पण वीज गेली की मोबाइलचे टॉवरही बंद पडू शकतात. बॅटरीवर चालणारा रेडिओ घ्या आणि त्यावर तुमच्या भागाचं एबीसी (इथली सरकारी प्रसारण संस्था) केंद्र कुठे लागतं ते आधी शोधून ठेवा. इशारे तीन: ॲडव्हाइस, वॉच अँड ॲक्ट, इमर्जन्सी वॉर्निंग. या क्रमानेच येतील असं समजू नका. पहिलाच इशारा शेवटचा असू शकतो.

धुळीच्या वादळाला एवढा सोपस्कार लागत नाही. खिडक्या बंद करा, दाराच्या फटीला ओलं फडकं लावा, दम्याचा त्रास असेल तर बारीक धूळ अडवणारा पी-टू मास्क वापरा. गाडी चालवत असाल तर रस्त्याच्या कडेला पूर्ण उतरून थांबा.

छपराचं पाणी टाकीत घेत असाल तर धूळ किंवा राख पडल्यावर टाकीत जाणारा पाइप काढून ठेवा. पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघालं, पन्हळीतून स्वच्छ पाणी पडायला लागलं, की मग परत जोडा.