तळकोकणात रात्रीचं गाणं गाठायचं कसं

पोस्टरवर 'ठीक रात्रौ ९ वाजता' छापलेलं असतं. त्यातला 'ठीक' सोडून द्या. ९ वाजता देवळासमोर आम्ही साऊंडवाले असतो, आमच्या वायरींवरून उड्या मारणारी पोरं असतात आणि 'हॅलो, चेक' ऐकून भुंकणारा एखादा कुत्रा. कुडाळात माझा साऊंडचा धंदा आहे. जत्रा, डबलबारी (भजनाचा सामना), सप्ताह, लग्न, जी सुपारी येईल ती. सुट्टीला आलेली माणसं विचारतात, "इथे लाईव्ह म्युझिक कुठे असतं?" कॅफेत गिटार घेऊन बसलेला कोणीतरी त्यांच्या डोक्यात असतो. तारकर्लीकडे तेही मिळेल. पण त्यांच्या हॉटेलपासून दोन वाड्या सोडून पखवाजाला कणीक लागत असते आणि त्यांना पत्ता नसतो. हे त्यांच्यासाठी.

आधी हंगाम समजून घ्या. तुळशीचं लग्न झालं की दशावताराची, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या पौराणिक लोकनाट्याची, मंडळं बाहेर पडतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत गावोगाव फिरतात. कार्तिकापासून माघापर्यंत जत्रांचा भर. फाल्गुनात शिमगा, तेव्हा ढोल-ताशे आणि रोंबाट, म्हणजे शिमग्याची वाजतगाजत निघणारी मिरवणूक. मे महिन्यात चाकरमानी घरी आलेले असतात, म्हणून सत्यनारायणाच्या पूजा, देवळांचे वर्धापनदिन आणि त्यांना जोडून डबलबाऱ्या. पावसात श्रावणाचे सप्ताह. गणपतीत तर घरोघर भजन, तिथे तिकीट नाही आणि आमंत्रणही लागत नाही. दारात चपला काढायच्या, मागे बसून टाळ्या धरायच्या, आणि उठताना काळ्या वाटाण्याची उसळ नाही म्हणायची नाही.

तारखांचं म्हणाल तर बहुतेक जत्रा तिथीवर चालतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा फोटो बघून रजा टाकू नका. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, कुणकेश्वरची महाशिवरात्रीला. एवढं घरातल्या कॅलेंडरवरून कळतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीचं तसं नाही, तिथे देवीचा कौल झाल्यावरच तारीख जाहीर होते. तिकडे गर्दी इतकी असते की निवांत ऐकण्यासाठी मी कुणाला तिथे पाठवणार नाही. दर्शनाला जा. ऐकायचं असेल तर लहान गाव धरा. सावंतवाडीहून आंबोलीच्या वाटेवर दाणोलीच्या आसपास, कुडाळहून माणगाव खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला लागून जी गावं आहेत तिथल्या जत्रा मला किनाऱ्यावरच्या जत्रांपेक्षा आवडतात. गाड्या कमी, थंडी जास्त, आणि डोंगरामुळे आवाज घुमून परत येतो. साऊंडवाल्याला तो घुमणारा आवाज नको असतो. ऐकणाऱ्याने मात्र जरूर जावं.

गावाच्या जत्रेची तारीख विचारायची ती गुरवाला, नाहीतर एसटी स्टँडसमोरच्या चहावाल्याला. त्याच्या टपरीच्या खांबावर पोस्टरवर पोस्टर चिकटलेली असतात. ती वाचायला शिका. 'संयुक्त दशावतार' म्हणजे वेगवेगळ्या मंडळांतले गाजलेले कलाकार एका रात्रीपुरते एकत्र. तलवारबाज संवाद जोरात होतात, पण वादक आणि नट यांची रोजची सवय नसते, गाण्याला त्याचा फटका बसतो. 'ट्रिकसीनयुक्त' लिहिलं असेल तर धूर, दिवे, हवेतून येणारा देव. पोरांना न्या, धमाल येईल. नुसतं मंडळाचं नाव आणि आख्यानाचं, म्हणजे त्या रात्रीच्या पौराणिक कथेचं, नाव असेल, तर गाणं ऐकायला मी तिथे जाईन. 'डबलबारी' म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, 'तिरंगी' म्हणजे तिघांचा, आणि '२०-२०' म्हणजे क्रिकेटवरून आलेलं, आखूड वेळेत उरकलेलं. नवख्याने २०-२० पासून सुरुवात करायला हरकत नाही.

आता वेळ. जत्रेचं घड्याळ पालखीवर चालतं. आधी ओट्या भरणं, मग पालखीची प्रदक्षिणा, आणि पालखी देवळात शिरल्याशिवाय नाटक उभं राहत नाही. "नाटाक कितक्याक?" विचारलंत तर उत्तर येतं, "पालखी इली की." यात उडवाउडवी काही नाही, खरी वेळ तीच. तेव्हा संध्याकाळी घरी जेवा, थोडं झोपा आणि ११ च्या सुमारास निघा. सुरुवातीला आडदशावतार असतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, मोरावरची शारदा, आणि काळा संकासुर, जो मालवणीतून समोरच्या सरपंचापर्यंत सगळ्यांची उतरवतो. काही नवीन माणसं हा भाग चुकवून आख्यानालाच येतात. तसं करू नका. याच भागात वादक तापतात.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, बोलणं जागच्या जागी. रंगमंचावर सामान म्हणून एक बाकडा. त्यामुळे सगळा डोलारा पेटी, मृदंग आणि झांज या तिघांवर. तुम्ही पेटीवाल्याकडे बघा. नट पदाला तोंड फोडतो तो कधीकधी रात्रभर ओरडून बसलेल्या गळ्यातून, आणि जो सूर लागेल तो लागेल. पेटीवाल्याचा हात पट्ट्यांवर आणि डोळे नटाच्या तोंडावर. पहिल्या दोन शब्दांत तो सूर पकडून देतो, आणि ओळ संपली की तीच ओळ पेटीवर अशी वाजवतो की नटाला पुढची जागा घ्यायला धीर येतो. राक्षसाच्या प्रवेशाला हेच काम मृदंगाचं. पडद्यामागून तो ओरडतो, मृदंगावर थाप पडते, आणि पुढच्या चटईवरची झोपलेली पोरं उठून बसतात.

बसायचं कुठे, हे मला रोज विचारतात आणि रोज उलटं करतात. माझ्या बॉक्ससमोर, म्हणजे मोठ्या स्पीकरसमोर, बसू नका. तिथे तुम्हाला पखवाजाचा फक्त धुमा ऐकू येईल आणि दुसऱ्या दिवशी कान गच्च होतील. वादक मंचाच्या ज्या बाजूला बसतात त्या बाजूला, मंचाला खेटून, चटई टाका. इतकं जवळ की स्पीकर बंद पडला तरी ऐकू यावं. आणि तो बंद पडतोच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. जिथे नियम पाळतात तिथे मी बॉक्स उतरवतो आणि गाडीत घालतो. धंदेवाल्याने सांगू नये, पण त्यानंतरचं गाणं जास्त चांगलं असतं. इको गेलेला असतो. मागची गप्पांची टोळी आपोआप पुढे सरकते, नाहीतर घरी जाते.

इकोवरून आठवलं. डबलबारीत मला सर्वात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "इको वाढव रे." दोन्ही बुवांना समोरच्यापेक्षा थोडा जास्त हवा असतो. मी दोघांनाही वाढवल्याचं सांगतो.

डबलबारीला जायचं तर अर्धा तास आधी जा, कारण पाहण्यासारखं काम आधी होतं. पखवाजवाला घरून मळलेल्या कणकेचा गोळा डब्यातून आणतो. डाव्या तोंडावर तो थापतो, अंगठ्याने कडेकडेने पसरतो, एक थाप मारतो, ऐकतो, चिमूटभर काढतो. पुन्हा थाप. मग उजव्या बाजूचे गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) हातोडीने ठोकत बुवाच्या पट्टीला आणतो. बुवा काळी चार, काळी पाच असे चढ्या पट्टीत गातात आणि पखवाज एकाच पट्टीत बोलतो, म्हणून बरेच वादक दोन पखवाज घेऊन फिरतात. हे सगळं चालू असताना त्यांच्याशी बोलायला जाऊ नका. नंतर चहाला गाठा, हवं तेवढं सांगतील.

सामना सुरू झाला की क्रम ढोबळमानाने असा: नमन, रूपाचा अभंग, पुढे अभंग, गौळण, शेवटी गजर. बुवा स्वतः पेटी वाजवत गातो, मागे झांजा आणि कोरस. मध्येच बुवा पेटीवरचा हात काढून समोरच्याला पुराणातला प्रश्न टाकतो: अमक्याचा शाप कुणाला, तमक्याची आई कोण. उत्तर समोरच्या बुवाने आपल्या बारीत द्यायचं, तेही शक्यतो चालीत बसवून. टोमणे चालतात, कधी जरा जास्तच चालतात. काही ठिकाणी प्रश्नोत्तरांतच निम्मा वेळ जातो आणि माझ्यासारख्याला कंटाळा येतो. गजर मात्र सोडू नका. संथ सुरुवात, मग लय चढत जाते, पखवाज आणि झांज एकमेकांना ढकलत नेतात, आणि मागे उभी असलेली म्हातारी माणसंसुद्धा माना हलवायला लागतात. सिनेमाच्या चाली आल्या की जुने लोक नाक मुरडतात. मीही मुरडतो, आणि पाय ठेका धरतोच.

आवडलं तर बक्षीस द्या. १०१ दिलेत तरी चालतं. मंडळाच्या माणसाकडे नाव आणि गाव सांगून द्यायचं, ते माईकवरून पुकारलं जातं. नाव नको असेल तर 'एक रसिक' म्हणा. जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसतं, मंडळाचे पैसे गाव नाहीतर देवस्थान देतं. तिकीट असतं ते नाट्यगृहात.

नाट्यगृहांचं थोडक्यात. मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह, कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान, रत्नागिरीत सावरकर नाट्यगृह. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय गाण्याचा महोत्सवही होतो. तिथे वेळ पाळतात, खुर्च्या असतात, त्यामुळे मार्गदर्शनाची गरज नाही.

सोबत चटई, शाल आणि कानटोपी घ्या. मार्गशीर्षात पायथ्याच्या गावांत पहाटे दव इतकं पडतं की चटई खालून नाही, वरून भिजते. टॉर्च हवा, कारण शेतातून चालावं लागतं. भूक लागली तर भजी, चहा, आणि जत्रेतलं गुळाचं खाजं आहेच. आल्याचं खाजं गळ्यालाही बरं. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. मोठ्या जत्रांना एसटी जादा गाड्या सोडते, लहान गावात मात्र वस्तीची गाडी गेली की सकाळपर्यंत काही नाही, म्हणून परतीची रिक्षा आधीच बोलून ठेवा किंवा सरळ उजाडेपर्यंत बसा. मी बसाच म्हणेन. आख्यान संपल्यावर पहाटे दहीहंडी फुटते, त्यालाच धयकालो म्हणतात, आणि तो झाल्याशिवाय नाटक संपलं असं गाव मानत नाही.

मोबाईलवर चित्रण करायचं तर फ्लॅश बंद ठेवा आणि माझ्या स्टँडला टेकू नका. पुढची तारीख हवी असेल तर धयकाल्यानंतर मंडळाचा पेटारा टेम्पोत चढत असतो तिथे जा आणि ड्रायव्हरला विचारा, "उद्या खंय?" आठवडाभराच्या नाईट, म्हणजे रात्रीचे प्रयोग, त्याला तोंडपाठ असतात.