ओरॅकल डेटाबेसचं अकाउंट सारखं लॉक होतंय? या चुका टाळा

मे महिना, रत्नागिरी. आंब्याच्या पॅकिंग हाउसमधून सकाळीच फोन: "दादा, बिलं निघत नाहीत, ओआरए-२८००० की कायसं येतंय." म्हणजे अकाउंट लॉक. वाशीचा टेम्पो पेट्या भरून दारात उभा, म्हणून मी घाईने अनलॉक केलं आणि चहाला गेलो. कप खाली ठेवतोय तोवर पुन्हा तोच फोन.

पहिली चूक हीच. अनलॉक केलं तरी चुकीची किल्ली फिरवणारा दारातच उभा असतो. आदल्या संध्याकाळी आम्ही पासवर्ड बदलला होता. काट्याजवळच्या जुन्या संगणकावरचा वजनं पाठवणारा प्रोग्राम मात्र जुनाच पासवर्ड घेऊन दर अर्ध्या मिनिटाला लॉगिन करू पाहत होता. डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये (अकाउंटला आपोआप लागू होणाऱ्या नियमांत) सलग १० चुकीच्या लॉगिनची मुभा असते. पाच मिनिटांत खेळ खलास.

हा प्रोग्राम सापडला ऑडिटमध्ये, म्हणजे डेटाबेसने ठेवलेल्या नोंदींत. लॉगिनचं ऑडिट चालू असेल तर रिटर्न कोड १०१७ च्या (नाव किंवा पासवर्ड चुकल्याच्या) नोंदी काढा. मशीनचं नाव, ओएस यूजर (त्या मशीनवरचं लॉगिन नाव) आणि वेळ तिथेच मिळते. वेळा अगदी ठरावीक अंतराने पडल्या असतील तर तो प्रोग्राम समजा. माणूस तीनदा चुकला की चौथ्यांदा तुम्हालाच फोन करतो. आधी प्रोग्राम थांबवा, त्यातला पासवर्ड बदला, मगच अनलॉक करा. डेटाबेस लिंक (एका डेटाबेसमधून दुसऱ्यात जाणारी जोडणी), रात्री आपोआप चालणारे जॉब आणि रिपोर्टचं टूल हमखास विसरली जातात.

वैतागून चुकांची मर्यादा 'अनलिमिटेड' करू नका. फोन थांबतात खरे, पण पासवर्डचे अंदाज बांधत बसणाऱ्यालाही रान मोकळं. त्यापेक्षा काट्याला वेगळं अकाउंट द्या. आमच्याकडे काटा आणि बिलिंग एकाच अकाउंटवर होतं, म्हणून काट्याच्या चुकीने बिलं अडली.

आणि डीबीए यूजर्समधलं (डेटाबेसमधल्या सगळ्या अकाउंटच्या यादीतलं) स्टेटस नीट वाचा. 'लॉक्ड (टाइम्ड)', म्हणजे चुकीच्या लॉगिनमुळे लॉक झालेलं, असेल तर डिफॉल्ट सेटिंगला एका दिवसाने ते आपोआप उघडतं. नुसतं 'लॉक्ड' बहुधा कुणीतरी मुद्दाम केलेलं असतं. उघडण्याआधी विचारून घ्या. 'एक्स्पायर्ड' दिसलं तर पासवर्डचीच मुदत संपली आहे (डिफॉल्ट १८० दिवस). तिथे अनलॉक कितीही वेळा मारा, नवा पासवर्ड दिल्याशिवाय आत जाता येणार नाही.