पाऊस ओसरताना पक्षी कसे पाहावेत

वसंतात उत्तरेकडे परतणारे बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. सूर्य मावळल्यावर तासाभरात ते निघतात आणि पाठीमागून वारा मिळाला तर पहाटेपर्यंत शेकडो किलोमीटर मागे टाकतात. मध्येच पाऊस आडवा आला किंवा वारा समोरून लागला, की सापडेल तिथे उतरण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणूनच पाऊस बघून पुन्हा पांघरुणात शिरणाऱ्याच्या हातून कधी कधी हंगामातली सर्वांत चांगली सकाळ निसटते.

याचं ठळक उदाहरण मेक्सिकोच्या आखाताचं. युकातान द्वीपकल्पावरून निघालेले पक्षी सुमारे ९०० ते १००० किलोमीटर पाणी एका दमात ओलांडतात. हवा चांगली असेल तर किनाऱ्यावर न थांबता ते थेट आतल्या जंगलात जातात. पण शेवटच्या टप्प्यात पाऊस आणि उत्तरेचा वारा गाठ पडला, तर दमलेले थवे किनाऱ्यावरच्या पहिल्याच झाडांत उतरतात. टेक्सासमधलं हाय आयलंड त्यासाठीच पक्षीनिरीक्षकांत प्रसिद्ध आहे.

आधी रात्रीचं हवामान पाहा

सकाळच्या पावसापेक्षा रात्री काय घडलं हे महत्त्वाचं. संध्याकाळी आकाश मोकळं, दक्षिणेचा वारा आणि मध्यरात्रीनंतर पाऊस असा क्रम जुळला तर गजर लावाच. पक्षी निघाले होते आणि वाटेत अडकले, असा त्याचा अर्थ. दक्षिणेकडच्या पट्ट्यात संध्याकाळपासूनच संततधार असेल तर तिथून कुणी निघालेलंच नसतं. मग नवे पाहुणे येत नाहीत. कालचे मात्र बहुधा तिथेच सापडतात, कारण त्यांनाही निघता आलेलं नसतं.

पाऊस थांबण्याआधी पोहोचा

धो-धो पावसात काही दिसत नाही. पक्षीही पानांआड अंग चोरून बसतात. खरी वेळ असते ती सर ओसरतानाची. रात्रभर उडून चरबी खर्ची पडलेली, त्यात पावसाने खाणं थांबलेलं, त्यामुळे उघडीप मिळताच वटवटे आणि माशीमार भराभर किडे टिपू लागतात. एरवी शेंड्यावर राहणारे पक्षी अशा वेळी नजरेच्या उंचीवर येतात, आणि मान मोडून वर बघण्याचं दुखणं टळतं. रिमझिम असेल तर थांबायचीही गरज नाही.

कुठे उभं राहायचं?

झाडांच्या रांगेची वाऱ्याआडची बाजू धरा. किडे तिथे जमतात, त्यांच्यामागे पक्षी येतात. तळं जवळ असेल तर भिंगऱ्या आणि पाकोळ्या हे पक्षी पाण्याला लागून घिरट्या घालताना दिसतील, कारण वरच्या हवेतले किडे कमी झालेले असतात. पाणी साचलेल्या शेतात तुतवार शोधा. निष्पर्ण फांद्या आणि खांबही तपासा. शिकारी पक्षी पंख पसरून वाळवत बसलेले सापडतात. एका जागी अर्धा तास थांबणं हे भटकण्यापेक्षा फायद्याचं, असं माझं मत.

दुर्बीण

ढगाळ उजेडात ८×४२ची दुर्बीण १०×४२पेक्षा बरी (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). तिच्यातून डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत सव्वापाच मिलिमीटर रुंद असतो, दुसरीचा ४.२. दुर्बीण जलरोधक हवी. नेत्रभिंगावर झाकण ठेवा आणि पक्षी दिसल्यावरच काढा. भिंगावर थेंब पडला तर शर्टाच्या टोकाने घासू नका. त्यातल्या धुळीने ओरखडे पडतात. आधी फुंकणीने कण उडवा, मग मऊ कापड. कपड्यांचं एवढंच सांगेन की सळसळणारा रेनकोट नको, त्यात बारीक आवाज बुडून जातात. छत्री चालते, फक्त गडद रंगाची घ्या.

भिजलेला पक्षी ओळखताना

इथे भलेभले फसतात. ओल्या पिसांचा रंग गडद दिसतो, तुरा चपटा होतो, पोटावरच्या रेषा एकमेकींत मिसळतात. त्यामुळे रंगावर भिस्त ठेवू नका. चोचीचा आकार, शेपटीची लांबी आणि हालचाल पाहा: धोबी पक्षी शेपटी खाली-वर हलवतोच, भिजला म्हणून सवय सोडत नाही. शंका उरली तर नेमकी जात न लिहिता नोंदीत नुसतं 'वटवट्या' लिहा.

थकलेल्या पक्ष्याला उडवू नका

जमिनीवर पिसं फुगवून बसलेला पक्षी फोटोसाठी जवळ जाऊन उडवला, तर त्याची उरलीसुरली शक्तीही जाते. मोबाईलवर हाक वाजवून त्याला बोलावणं तर या दिवसांत पूर्ण बंद ठेवा. आणि गडगडाट ऐकू आला की लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं उलटल्यावरच बाहेर पडा.

नोंदी पेन्सिलने करा, शाई पसरते. प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि पाऊस कधी थांबला तेही लिहा. घरी आल्यावर ओली दुर्बीण पिशवीत कोंबू नका. उघड्यावर, पण उन्हात किंवा हीटरजवळ न ठेवता, आपोआप वाळू द्या.