तप्त ताऱ्यांचं तापमान काढताना या चुका टाळा

ताऱ्याचा फोटो काढायचा, निळ्या-हिरव्याचं गुणोत्तर सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं आणि तापमान जाहीर करायचं. सूर्यासारख्या ताऱ्याला हा उद्योग बऱ्यापैकी चालतो. चित्रेला नाही.

मार्चमध्ये गंगापूर धरणाजवळ एक उत्साही पोरगा भेटला. चित्रा नाशिकच्या उजेडातून जेमतेम वर आलेली, आणि याचा आकडा तयार: ६,००० केल्विन! म्हणजे सूर्याची सख्खी बहीणच. चित्रा म्हणजे खरं तर दोन ताऱ्यांची जोडी, आणि त्यातला मुख्य तारा २५,००० केल्विनच्या आसपासचा. क्षितिजाजवळची जाड हवा निळा प्रकाश खाते, हे त्याच्या गावीच नव्हतं. "जरा वर येऊ दे," म्हटलं तर, "काका, उद्या कॉलेज आहे." मध्यरात्र उलटेपर्यंत त्याला बसवून ठेवला, तेव्हा १४,००० आले. तेही चूकच, पण ही चूक हवेची नव्हती.

२५,००० केल्विनच्या ताऱ्याचा प्रकाश सर्वाधिक असतो ११६ नॅनोमीटरजवळ, दूर अतिनीलात. ३०० नॅनोमीटरच्या आतलं जवळपास सगळं ओझोन अडवतो. आपल्या हाती लागते ती ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखाची उतरती शेपटी, आणि ती २०,००० ला जशी दिसते तशीच जवळपास ३०,००० ला. निळ्या आणि पिवळ्या फिल्टरमधल्या प्रतींच्या (म्हणजे तेजाच्या मापांच्या) फरकात एक दशांशही बदल होत नाही. कॅमेऱ्याची चूकच तेवढी असते!

मी रंगावर विसंबतच नाही. ग्रेटिंग (प्रकाश रंगांत पसरवणारी बारीक रेघांची पट्टी) लावतो आणि त्या रंगपटात हेलियमच्या रेषा शोधतो. नुसत्या हायड्रोजनच्या रेषांवर जाऊ नका. त्या १०,००० च्या आसपास सर्वांत ठळक असतात, दोन्ही बाजूंना फिकटतात. त्यामुळे एकाच ठळकपणाला दोन तापमानं निघतात.

उन्हासाठीचा यूव्ही मीटर ताऱ्यावर धरू नका. हसू नका, धरणारे भेटलेत.

खरा अतिनील हवा असेल तर वातावरणाबाहेरच जावं लागतं. २०१५ मध्ये सुटलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण १३० ते १८० नॅनोमीटरमध्येही बघते आणि तिची जुनी निरीक्षणं घरबसल्या उतरवता येतात. तिथेही घाई नडते: वाटेतली धूळ अतिनील प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा जास्त गिळते, २१७.५ नॅनोमीटरला तर विशेष. धुळीची दुरुस्ती आधी करा, आलेख नंतर जुळवा. आणि आलेख जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं 'ऑटो' बटण मी तरी कधी दाबत नाही.