कुंपणाचं व्हार्निश पावसाळ्यानंतर सोलतंय? माझा अनुभव
बडोद्यातल्या आमच्या घराचं सागवानी कुंपण. दर पावसाळ्यानंतर व्हार्निशचे पापुद्रे सुटायचे, खाली लाकूड काळं पडलेलं. दोनदा नवा हात मारला, एकदा ऑइलपेंट. ३ वर्षं नुसता वैताग. व्हार्निशचा थर वरच बसतो; तडा गेला की पाणी आत अडकतं.

मार्चमध्ये जुना थर पूर्ण खरवडला, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासलं. पाण्याचा थेंब टाकला. लगेच मुरला, म्हणजे लाकूड तयार. मग लाकडात मुरणारा, तेलातला, तपकिरी वुड स्टेन (लाकडाला रंग देणारं पातळ द्रावण) लावला. बिनरंगी घेऊ नका, ऊन अडवतं ते रंगद्रव्यच. सावली असताना पातळ हात. पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा, लाकूड पाणी सर्वांत जास्त तिथूनच पितं. १५ मिनिटांनी न मुरलेला स्टेन फडक्याने पुसला. ती फडकी चुरगळून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा.

दोन पावसाळे गेले, एकही पापुद्रा नाही.