शिष्यवृत्ती अडते, पुस्तक मिळत नाही: विद्यापीठात नव्याने आलेल्यांनो, या चुका टाळा

गावाकडून पुण्याला, नागपूरला किंवा कोल्हापूरला शिकायला आलेल्या मुलामुलींना पहिल्या वर्षी जी मदत लागते, तिची सोय बहुतेक वेळा आधीच केलेली असते. फक्त कोणतं काम कोणत्या टेबलावर होतं आणि ते कधीपर्यंत करून घ्यायचं, हे त्यांना कुणी नीट सांगत नाही. मग मुलं व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात, आणि तिथे उत्तर देणाराही त्यांच्याइतकाच नवा असतो.

महाडीबीटीचा अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजणं

सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर ऑनलाइन अर्ज सबमिट केला की तो आधी तुमच्या कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथला शिष्यवृत्तीचा क्लार्क तो तपासून पुढे पाठवतो, मग संबंधित विभागाचं कार्यालय मंजुरी देतं. कागदात काही कमी असेल तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि तसा मेसेज नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. अडचण अशी की अर्ज सायबर कॅफेत भरलेला असतो, नंबर वडिलांचा किंवा कॅफेवाल्याचा असतो, आणि मेसेज आल्याचं मुलाला कळतच नाही. मुदत निघून जाते. म्हणून नंबर स्वतःचा द्या, युजरनेम-पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवा आणि दर आठवड्याला अर्जाची स्थिती बघा. अर्ज कॉलेजकडेच अडकलेला दिसला तर प्रिंट घेऊन थेट क्लार्कला भेटा. तोंडी सांगून भागत नसेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज करा आणि पोच घ्या.

उत्पन्नाचा दाखलाही आयत्या वेळी काढायला जाऊ नका. तहसील कार्यालयाचा दाखला ठरावीक काळापुरताच चालतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर रांगा लागतात. रिन्युअलचा अर्ज दर वर्षी स्वतंत्र भरावा लागतो, तो आपोआप होत नाही.

अर्ज मंजूर आहे, पण खात्यात पैसे नाहीत

इथे खातं आधारला ‘लिंक’ असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, ‘सीड’ असणं यात गल्लत होते. केवायसीसाठी बँकेला आधार दिलं म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. ते येतात आधारशी सीड केलेल्या खात्यात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. गावाकडच्या बँकेत जुनं खातं आहे, शहरात आल्यावर दुसरं उघडलं, फॉर्मवर सह्या करताना सीडिंगलाही संमती दिली. मग मुलगा एका खात्याचं पासबुक भरून आणतो आणि रक्कम दुसऱ्याच खात्यात पडून असते. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, ती आधी बघा. सीडिंग निष्क्रिय दिसलं तर बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरा.

हॉस्टेलची यादी लागली, नाव नाही, म्हणून शिक्षणच सोडणं

हे वाचून तरी कुणी असं करू नये. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. राहण्या-जेवणाचा खर्च थेट खात्यात येतो. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या आहेत, त्यामुळे समाजकल्याण, आदिवासी विकास प्रकल्प किंवा इतर मागास बहुजन कल्याण यांपैकी आपल्या योजनेच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. शिकता शिकता काम करून पैसे मिळवण्याच्या ‘कमवा व शिका’ योजनेसाठी मात्र कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना सत्राच्या सुरुवातीलाच भेटा, जागा लवकर भरतात.

ग्रंथालय म्हणजे फक्त अभ्यासिका

सकाळी बॅग ठेवून जागा धरायची, स्वतःच्या झेरॉक्स वाचायच्या आणि संध्याकाळी परत जायचं. कपाटांकडे, ग्रंथपालांकडे कुणी फिरकत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ग्रंथपाल हा कॉलेजातला सर्वांत कमी वापरला जाणारा जाणकार माणूस आहे. त्यांना तीन गोष्टी विचारा: सत्रभर पुस्तकं वापरायला देणारी बुक बँक आहे का, मागच्या प्रश्नपत्रिका कुठे ठेवल्या आहेत, आणि एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसेवेचं लॉगिन मिळेल का. कॉलेज एन-लिस्टचं सदस्य असेल तर हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं खोलीवर बसून वाचता येतात. सरकारी विद्यापीठं आणि सरकारी महाविद्यालयांत १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची नियतकालिकंही खुली झाली आहेत.

लॉगिन नसलं तरी इग्नूचं ई-ज्ञानकोश, एमएसाठी ई-पीजी पाठशाला आणि प्रबंधांसाठी शोधगंगा फुकट आहे. शोधगंगेवर मराठीतले प्रबंधही सापडतात. प्रकल्पाचा विषय ठरवताना तिथल्या एखाद्या प्रबंधाची संदर्भसूची वाचा, निम्मी शोधाशोध वाचते.

‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर कोर्स घेण्याआधी विभागप्रमुखांना विचारा की त्याचे क्रेडिट धरले जातील का. कोर्स फुकट असतो, परीक्षेची फी मात्र वेगळी भरावी लागते.

त्रास अंगावर काढणं

लेखनात अडचण येते, डिस्लेक्सिया आहे, नीट दिसत नाही, असं असूनही मुलं शेवटपर्यंत गप्प राहतात. पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळू शकतो, पण त्यासाठी प्रमाणपत्रासह अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो. हॉल तिकीट हातात आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

झोप उडाली असेल, अभ्यासात मन लागत नसेल तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. तिथे जायचा संकोच वाटला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ वर तक्रार करा. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर मात्र उद्यावर ढकलू नका, आत्ता १४४१६ वर फोन लावा आणि शेजारच्या खोलीतल्या मित्राला जवळ बसायला बोलवा.