आउटलुक एक्स्प्रेसमधली जुनी पत्रं नव्या कॉम्प्युटरवर नेण्याआधी

ठाण्यात नौपाड्याच्या घरी बाबांचा विंडोज एक्सपीवाला सीपीयू अजून चालतो. पंखा घरघरतो, सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात, पण त्यात आउटलुक एक्स्प्रेस या मेलच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये 2003 पासूनचे मेल आहेत. वागळे इस्टेटमधल्या गाळ्याचा सगळा पत्रव्यवहार त्यात आहे, आणि आईच्या वेगळ्या आयडेंटिटीत (त्याच प्रोग्रॅममधल्या तिच्या स्वतंत्र कप्प्यात) मावशीने अमेरिकेतून लिहिलेली पत्रं. गेल्या महिन्यात विंडोज 11 चा नवा कॉम्प्युटर घेतला. बाबा लगेच म्हणाले, "यात ते जुनं आउटलुक टाकून दे गं." तेवढ्यावर काम झालं असतं तर बरं होतं. तसं होत नाही, म्हणून कामाला बसण्याआधी काय काय तयार ठेवायचं ते लिहिते आहे. असा सीपीयू ज्यांच्या घरी आहे त्यांना उपयोग होईल.

पहिली तयारी मनाची. प्रोग्रॅम येणार नाही, पत्रं येतील. आउटलुक एक्स्प्रेसची सहावी आवृत्ती एक्सपीसोबत आली आणि तिथेच ते संपलं. व्हिस्टात त्याच्या जागी विंडोज मेल होतं, विंडोज 7 मध्ये तर मेलचा प्रोग्रॅमच दिला नव्हता. आज नव्या कॉम्प्युटरवर आउटलुक नावाचं जे दिसतं, त्याचं याच्याशी नावापुरतंच नातं आहे. जुन्या फायली त्याला वाचता येत नाहीत. ज्येष्ठांना हे आधीच नीट समजावून सांगावं. नाहीतर सगळी पत्रं सुखरूप आली तरी "पण हे आपलं आउटलुक नाही" असं होतं आणि माणूस खट्टू होतो. मी थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर निवडलं. ते फुकट आहे हे एक कारण, पण खरं कारण दुसरंच: त्यात एका फोल्डरचे सगळे मेल एमबॉक्स नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत राहतात. ती फाइल नोटपॅडमध्येही उघडते. उद्या थंडरबर्ड बंद पडलं तरी पत्रं अडकणार नाहीत.

आता जुना कॉम्प्युटर. सुरू करण्याआधी इंटरनेटची वायर काढा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 नंतर आधार देणं थांबवलं, आणि एवढ्या वर्षांनी ते नेटवर आणण्यात शहाणपण नाही. शिवाय आउटलुक एक्स्प्रेस उघडलं की सर्व्हरवरचे मेल खेचायला लागतं आणि मोजणी चालू असतानाच आकडे हलतात. घड्याळही बघा. आमच्याकडे तारीख 2002 ची दिसत होती, म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा बटन सेल संपलेला. सेल कुठल्याही दुकानात मिळतो. यूपीएस नसेल तर कोणाकडून तरी एक दिवसासाठी आणा. पावसाळ्यात हे काम काढू नये असं माझं मत आहे, आणि काढलंच तर लाइट बंद राहणार असल्याचा महावितरणचा मेसेज आला आहे का ते पाहूनच बसावं. याचं कारण पुढे येतं.

ते कारण म्हणजे कॉम्पॅक्ट. आउटलुक एक्स्प्रेस शंभरदा बंद केलं की एक चौकट येते: जागा वाचवण्यासाठी मेल कॉम्पॅक्ट करू का? सवयीने ओके दाबलं जातं. त्या वेळी प्रोग्रॅम प्रत्येक फोल्डरची फाइल नव्याने लिहीत असतो, आणि मध्येच लाइट गेली किंवा कोणी घाईने कॉम्प्युटर बंद केला तर अख्खा इनबॉक्स रिकामा दिसू शकतो. आमच्याच मजल्यावरच्या एका काकूंचा तसा झाला होता. त्यांचं नशीब, रिसायकल बिनमध्ये इनबॉक्सची बीएके शेपटीची (फाइलच्या नावाशेवटी .bak असलेली) प्रत सापडली. एक्सपीच्या शेवटच्या सर्व्हिस पॅकनंतर कॉम्पॅक्ट करण्याआधी अशी प्रत तिथे टाकली जाते. तेव्हा रिसायकल बिन आधीच साफ करू नका. आणि पूर्ण प्रत हातात येईपर्यंत ती चौकट आली की कॅन्सल.

प्रत घेण्यासाठी फायली कुठे आहेत हे माहीत हवं. त्या फायली एका लपवलेल्या फोल्डरच्या आत, तिथल्या आतल्या फोल्डरात, लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावाखाली असतात. शोधत बसू नका. टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स, तिथे स्टोअर फोल्डर नावाचं बटण. दाबलं की एका पट्टीत पूर्ण पत्ता दिसतो. त्यावर माउस ठेवून शेवटपर्यंत ओढा, कॉपी करा, स्टार्टमधल्या रनमध्ये पेस्ट करा. फोल्डर समोर उघडतो: इनबॉक्स, सेंट आयटम्स, तुम्ही केलेले बाकीचे फोल्डर, सगळ्यांना डीबीएक्स शेपटी. आउटलुक एक्स्प्रेस बंद करून हा फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर घ्या. आत हात घालून निवडानिवड नको, कारण फोल्डर्स नावाची छोटी डीबीएक्स फाइल राहून गेली तर कुठलं काय कशाखाली होतं हे कळायला मार्ग उरत नाही. घरात दोन-तीन आयडेंटिटी असतील तर प्रत्येकीत जाऊन हेच पुन्हा करायचं. मी आईची विसरणार होते. बाबांच्या आयडेंटिटीत ती दिसतच नाही.

फाइलींचे आकारही पाहून ठेवा. एका डीबीएक्स फाइलीची मर्यादा 2 जीबी आहे, आणि त्याच्या जवळ पोचलेला इनबॉक्स आधीच बिघडलेला असू शकतो. बाबांचा 1.6 जीबी होता, गाळ्याच्या ड्रॉइंगांमुळे. अशा वेळी पहिली प्रत बाजूला ठेवून मगच मूळ इनबॉक्समधले मेल वर्षवार फोल्डरांत हलवावेत.

मग वही घ्या. खरीखुरी वही, कागदाची. एकेका फोल्डरवर क्लिक करायचं, खालच्या पट्टीत किती मेल आहेत तो आकडा येतो, तो लिहायचा. आमचं पहिलं पान असं होतं: इनबॉक्स 4,318, सेंट 2,906, ऑर्डरी 1,127, बँक 264, आई-इनबॉक्स 391. शेजारी दुसरा रकाना रिकामा, नव्या कॉम्प्युटरवरच्या आकड्यासाठी. त्याखाली पाच-सहा मेल नेमके टिपून ठेवा, जे शेवटी उघडून पाहायचे: सगळ्यात जुना, सगळ्यात जड अटॅचमेंटचा, एक देवनागरीतला, एक ज्याच्यात फोटो आहेत. मी मावशीचा 28 जुलै 2005 चा मेल टिपला. 26 तारखेला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, आमचा फोन दोन दिवस बंद होता, आणि तिने चार ओळींत तीनदा विचारलं होतं, "सगळे घरी पोचलात ना?"

तो मेल शिवाजी फॉन्टातला आहे. मराठी घरांत खरी मेख इथेच बसते. युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर देवनागरी सारखीच दिसणारी आजची पद्धत) रुळण्याआधी आपण शिवाजी, कृतीदेव, सुरेख अशा फॉन्टांत लिहायचो. त्यात प्रत्यक्ष साठवली जातात ती रोमन अक्षरं नि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की मावशीच्या पत्राच्या जागी अर्थहीन अक्षरांची रांग दिसते आणि वाटतं की मेल खराब झाला. खराब काही झालेलं नसतं. जुन्या कॉम्प्युटरच्या कंट्रोल पॅनेलमधला फॉन्ट्स फोल्डर उघडा आणि असे सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या. कुठला लागेल ते आज सांगता येत नाही. नव्या कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून इन्स्टॉल करायचे. थंडरबर्डच्या फॉन्टच्या सेटिंगमध्ये मेलला स्वतःचा फॉन्ट वापरू देण्याची एक खूण आहे, ती चालू हवी. तरीही काळे चौकोन दिसले तर व्ह्यू मेन्यूतलं रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग करून पाहावं. आणि एवढं करूनही जिवाजवळची पत्रं जुन्याच कॉम्प्युटरवरून कागदावर छापून घ्यावीत. मी आईसाठी बावीस पत्रं छापली. प्रिंटर जुना सीपीयू ओळखतो तोवर हे होऊ शकतं.

प्रत हाती आल्यावर, आणि त्यानंतरच, साफसफाई. 2003-04 मधले अनोळखी मेल, ज्यांना पीआयएफ किंवा एससीआर शेपटीचं अटॅचमेंट आहे, ते काढून टाका. जानेवारी 2004 मध्ये मायडूम नावाचा व्हायरस मेलमधूनच पसरला होता, आणि तसले मेल जुन्या इनबॉक्सांत अजून पडलेले सापडतात. ते तसेच गेले तर नवा अँटीव्हायरस त्या एका मेलसाठी पूर्ण इनबॉक्सची एमबॉक्स फाइल उचलून कोंडून ठेवू शकतो. डिलीटेड आयटम्स रिकामा करा आणि आता, यूपीएस लावून, कॉम्पॅक्ट करा.

पत्ते वेगळे न्यावे लागतात. फाइल, एक्स्पोर्ट, अॅड्रेस बुक, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी). देवनागरीत लिहिलेली नावं प्रश्नचिन्हं होऊन येऊ शकतात. फाइल लगेच उघडून पाहा, तसं झालं असेल तर ती नावं वहीत उतरवा. सही आणि मेलचे नियम नव्याने करावेत, त्यासाठी खटपट करू नये.

नेण्याचा रस्ता मी असा ठरवला. थंडरबर्डची 52 क्रमांकाची आवृत्ती ही एक्सपीवर चालणारी शेवटची. ती नव्या कॉम्प्युटरवर मोझिलाच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यातून उतरवून पेनड्राइव्हने जुन्यावर न्यायची. तिथे टूल्समधल्या इम्पोर्टने आउटलुक एक्स्प्रेसचे मेल आत घ्यायचे, दर आयडेंटिटीत एकदा. मग तिच्या प्रोफाइलमधल्या (थंडरबर्ड आपले मेल नि सेटिंग जिथे ठेवतं त्या फोल्डरमधल्या) मेलच्या फोल्डरातून लोकल फोल्डर्सच्या आतलं सगळं उचलायचं आणि नव्या थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये टाकायचं. त्या वेळी थंडरबर्ड बंद हवं. एमएसएफ शेपटीच्या फायली सोडून द्या, त्या फक्त सूची आहेत आणि आपोआप नव्या बनतात. पूर्ण प्रोफाइल उचलून नेण्याचा मोह टाळा. पासवर्ड जुन्या पद्धतीने साठवलेले असतात, तिथे गुंता होतो.

पासवर्डचं म्हणाल तर आउटलुक एक्स्प्रेस तो टिंबांआड लपवतं, म्हणून तो आठवतो का हे आधीच विचारून घ्या. जीमेल असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी ज्या फोनवर येते तो फोन, आणि त्या फोनचे मालक, दोघंही शेजारी हवेत. नवं खातं जोडताना आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात ती पद्धत) निवडा, पॉप (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारी) नको. पॉपवर सर्व्हरवरचे जुने मेल पुन्हा उतरतात आणि दोन-दोन प्रती होतात.

सीपीयू सुरूच होत नसेल तर हार्डडिस्क काढून अॅडॅप्टरने यूएसबीला लावता येते. अॅडॅप्टर घेण्याआधी डिस्कच्या मागचा कनेक्टर पाहून घ्या. चाळीस पिनांचा रुंद असेल तर आयडीई, बारीक चपटा असेल तर साटा. मी न पाहता स्टेशनजवळून साटाचा आणला आणि ऐरोलीहून पुन्हा एकदा ट्रान्सहार्बरने ठाण्याला यावं लागलं.

काम झालं की वहीचा दुसरा रकाना भरायचा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आकडा. आमच्या सेंटमध्ये तीन कमी आले. दोन तास शोधल्यावर ते न पाठवलेले, रिकाम्या पानाचे मेल निघाले. आकडे जुळले, टिपलेले मेल उघडले, तरी जुनी डिस्क पुसायची नाही. ती काढून, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर तारीख आणि "बाबा, आई, मेल" असं लिहून मी कपाटात ठेवली आहे. बाकीचा सीपीयू दिवाळीनंतर ई-कचऱ्यात देऊ.